दादाच्या माफीचा उपद्व्याप

दादा, तुझ्या दफनाच्या वेळी पाद्रीसाहेबांनी केलेलं भाषण तू ऐकायला हवं होतंस. "आपला बंधू शमुवेल शांत आणि सौम्य स्वभावाचा होता," असं ते म्हणाले. मी अगदी पुढे उभी होते. रडत होते, आणि तरीही आता हसू फुटतं की काय अशी भीती वाटली. सौम्य! ज्या माणसानं आपल्या बापाला, ख्रिस्ती मंडळीच्या पंचांना, सीताबर्डीच्या अर्ध्या बाजाराला आणि मला, सख्ख्या बहिणीला, एक दिवस सुखानं बसू दिलं नाही, तो सौम्य! ज्या पंचांनी तुझं प्रचारकाचं काम काढून घेतलं, तेच तुझी पेटी खांद्यावर घेऊन चालले होते, आणि माना इतक्या खाली घातल्या होत्या की मला त्यांची कीव आली. तू पेटीच्या आत होतास हे बरं. बाहेर असतास तर त्यांना वाटेत थांबवून तूच त्यांची माफी मागितली असतीस, आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत दफन झालं नसतं.

घरात आता फार शांतता आहे. लोक म्हणतात, सवय होईल. मला ती सवय नको आहे, पण तुझा गोंधळ हवा होता असंही मी म्हणणार नाही. वहिनी गेली आणि तू परत बाबांच्या घरी राहायला आलास, तेव्हापासून माझ्या चुलीला विसावा नव्हता. शाळेतून दमून यावं, तर ओसरीवर कोणीतरी अनोळखी माणूस बसलेला. "रिबके, हे उमरेडचे. बाजारात भेटले. जेवाले आणलं." आणलं तर आणलं, आधी सांगायचं नाही. शाळेत मुलींना शुद्ध बोला, शुद्ध लिहा म्हणून सांगणारी मी, तुझ्यासमोर आले की माझं सगळं व्याकरण गळून पडायचं. "पीठ नाई घरात! कोठून करू भाकरी?" मी ओरडायची. तू त्या पाहुण्याकडे पाहून हसायचास आणि म्हणायचास, "तिचा आवाज मोठा हाय. मन त्याहून मोठं हाय." म्हणजे ओरडायचीही सोय नाही.

पण हे झालं रोजचं. मी चिडले आहे ती त्या दुसऱ्या गोष्टीसाठी. ती आपली कधी मिटलीच नाही. मिटवायची वेळ आली आणि तू निघून गेलास.

ती गोष्ट आपण दोघं लहानपणापासून ऐकत आलो. बाबांनी बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी त्यांनी घरातले देव उचलले, टोपलीत भरले आणि सक्करदऱ्याच्या तळ्यात नेऊन टाकले. कापणीच्या सणाला दरवर्षी बाबा उभे राहून ही साक्ष द्यायचे. विणकराच्या घरातला साधा माणूस, हातमाग सोडून उठला, आणि सगळ्या मोहल्ल्याच्या डोळ्यांदेखत पितळी देव पाण्यात फेकून आला! साहेब लोक माना डोलवायचे. बायका डोळे पुसायच्या. मी लहान असताना मला वाटायचं, माझ्या बाबांइतका शूर माणूस नागपुरात दुसरा नसेल.

तू कधी मान डोलवली नाहीस. मला हे फार उशिरा लक्षात आलं. कारण ती टोपली तुझ्या डोक्यावर होती. तू तेव्हा आठ-दहा वर्षांचा असशील, मी आईच्या कडेवर. बाबांनी टोपली तुझ्या डोक्यावर दिली आणि पुढे चालू लागले. मागून आजी आली होती, अनवाणी. धाकटे काका आले होते. देव एकट्या बाबांचे नव्हते, तिघांचे होते, हे त्या साक्षीत कधी यायचं नाही. आजी तळ्याच्या काठावर बसली आणि काय बोलली ते बाबांनी कधी सांगितलं नाही. त्यानंतर ती मरेपर्यंत रोज रिकाम्या पाटावर फुलं वाहत राहिली, हे मला तू सांगितलंस, तेही मी तिशी ओलांडल्यावर.

तरीही तू प्रचारकच झालास. मंडळीनं तुला बाजारात सुवार्ता सांगायला नेमलं आणि तू आनंदानं गेलास. तुझ्या हातात खंजिरी, बरोबर दोन गाणारे, आणि तुझा तो आवाज. दादा, आता तू ऐकू शकत नाहीस म्हणून सांगते, तुझा सूर कधीच जागेवर नव्हता. पण लोक थांबायचे. तू रागावून बोलत नव्हतास, कोणाच्या देवाची टिंगल करत नव्हतास, म्हणून थांबायचे.

मग तो दिवस आला. मी लुगडं घ्यायला सीताबर्डीवर आले होते, म्हणून माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तू गात होतास, देवाच्या प्रेमाबद्दल. लुगड्यांचा गठ्ठा मांडून बसलेला एक म्हातारा विणकर तुझ्याकडे बराच वेळ पाहत होता. गाणं संपलं तसा तो म्हणाला, "तू त्या देव बुडवणाऱ्याचा पोरगा ना गा?"

"हाव," तू म्हणालास.

"तुझी आजी मरेपर्यंत रडली. आमच्या आळीत राहत होती ती. तिचे देव बुडवले, आता आमाले प्रेम शिकवून राहिला?"

लोक हसले. बरोबरचे दोघं गाणारे पुढचं गाणं सुरू करायला निघाले, त्यांना तू हातानं थांबवलंस. मला वाटलं, आता तू त्याला उत्तर देशील. तुला उत्तरं येत होती, शास्त्र तुला पाठ होतं. तू खंजिरी पिशवीत घातलीस, त्या म्हाताऱ्यासमोर खाली बसलास आणि म्हणालास, "बाबा, टोपली माझ्या डोक्यावर होती."

मी लुगडं न घेताच घरी आले.

पुढच्या रविवारी साक्षीची वेळ आली तेव्हा तू उभा राहिलास. बाबा पहिल्या बाकावर होते, काठीवर हनुवटी टेकून. तू म्हणालास की विश्वास आपण कमावला नाही, तो आपल्याला मिळाला. आपण चांगले होतो म्हणून नाही, हुशार होतो म्हणून नाही, शूर होतो म्हणून तर मुळीच नाही. "फुकट भेटलेल्या गोष्टीचा माज कशाचा?" तू विचारलंस. "आपण लोकाले म्हणतो पश्चात्ताप करा. आधी आपण करू. मी आजीचं मन मोडलं. देव टाकाले मी हात लावला, तो विश्वासानं नाही, तोऱ्यानं लावला. मी काकाकडे जाऊन माफी मागणार हाय. मंडळीनं माझ्यासाठी प्रार्थना करावी."

प्रार्थना कोणी केली नाही. बाबा उठले. त्यांच्या काठीचा आवाज दारापर्यंत गेला आणि बाहेर गेला. साऱ्या मंडळीनं माझ्याकडे पाहिलं, जणू ही कल्पना माझीच होती.

त्या दुपारी आपलं जे भांडण झालं, ते अजून माझ्या कानात आहे. बाबा आत दार लावून बसले होते. मी चुलीपाशी, तू उंबऱ्यात.

"त्यांच्या साऱ्या जन्माची साक्ष तू एका दमात मोडून टाकली," मी म्हणाले. "म्हातारपणी त्यांच्याजवळ दुसरं काय हाय?"

"येशू हाय ना."

"पुस्तकी उत्तरं देऊ नको मले! तू काकाची माफी मागितली की लोक काय म्हणतील? हे ख्रिस्ती झाले, आता पस्तावून राहिले. तू येशूचीच माफी मागून राहिला."

"येशूबद्दल नाही वं मागत. आपल्याबद्दल मागतो."

"लोकाले हा फरक कळन?"

"आपल्याले तरी कळला पायजे आधी."

मी तवा आपटला. तू म्हणालास, "काहून एवढी चिडून राहिली?" यावर काय बोलायचं? मी कशासाठी चिडले ते तुला खरंच कळत नव्हतं. पश्चात्ताप एकट्याचा असतो असं तुला वाटायचं. घरात एकानं पश्चात्ताप केला की बाकीच्यांच्या ताटात त्याची राख उडते, हे तुझ्या गावीच नव्हतं. त्या दिवसापासून बाबांनी तुझ्याशी बोलणं सोडलं. एका घरात, एका चुलीचं जेवायचं, आणि बाबा मला म्हणायचे, "त्याले सांग, दिवा सरकव." तू त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर बसलेला! मी सांगायची, "दादा, दिवा सरकव." तू दिवा सरकवायचास आणि बाबांना म्हणायचास, "घ्या बाबा." ते ऐकलं नसल्यासारखं करायचे. दोन पुरुषांच्या मध्ये माझा निरोप्या झाला.

काकांकडे तू गेलास. काकांनी तुला दारात उभं केलं. इतकी वर्षं त्यांनी आपल्या घरचा उंबरा पाहिला नव्हता आणि आपण त्यांचा. तू माफी मागितलीस. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माफी कशाले? देव वापस आण." आणि दार लावून घेतलं.

कोणीही शहाणा माणूस ओळखेल की याचा अर्थ 'निघ' असा आहे. पण तू!

वैशाखात तळ्याचं पाणी मागे सरतं, काठचा गाळ उघडा पडतो. शाळेतल्या एका मुलीनं मला येऊन सांगितलं, "बाई, तुमचे दादा तळ्यात शोधून राहिले काहीतरी." मी छत्री घेतली आणि टांग्यानं सक्करदऱ्याला गेले. ते दृश्य मी विसरणार नाही. धोतर मांड्यांपर्यंत खोचलेलं, हातात घमेलं, आणि मंडळीचा नेमलेला प्रचारक गुडघाभर गाळात उभा राहून आपल्याच कोष्टी घरचे पितळी देव शोधतो आहे. काठावर धोबी कपडे धुवायचे सोडून बघत होते. म्हशी घेऊन आलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"दादा! बाहेर ये!" मी ओरडले. "तीस वर्षं झाली त्याले! गाळ किती वेळा उपसला असन लोकांनी!"

"मले जागा आठवते वं," तू म्हणालास. "या दगडापासून बाबांनी फेकले होते."

"सापडले तर काय करशील? हातात घेऊन जाशील? प्रचारक तू!"

तू घमेल्यातला गाळ ओतलास, वाकून पाहिलंस आणि म्हणालास, "सापडू तर दे."

मी छत्रीखाली उभी राहून रडले. रागानं रडले. दादा, त्या वेळी तुला गाळातच ढकलून द्यावंसं वाटलं होतं. तू तिथं रोज जाऊ लागलास. तुला देव सापडले नाहीत. एक फुटकं तांब्याचं भांडं सापडलं, कोणाच्या तरी बैलाची घंटा सापडली. पण बातमी आळीत गेली, आणि एक दिवस काका काठावर येऊन उभे राहिले. तू मला नंतर त्यांचं बोलणं त्यांच्याच आवाजात करून दाखवलंस.

"निघ बाहेर, शमू. ऊन लागन."

"सापडले नाई, काका."

"मले माहीत हाय. निघ." आणि तू बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "खरं सांग गा. तू माफी मांगाले आला का मले बाटवाले आला?"

इथं कोणत्याही माणसानं 'माफी मागायला' असं सांगितलं असतं. मीही तेच सांगितलं असतं. तू म्हणालास, "दोन्ही."

काका म्हणे पाहतच राहिले. तू म्हणालास, "माफी मांगतो, ती अशीच. तिच्या बदल्यात काही नको. आणि जे मले भेटलं ते तुमाले सांगतो, तेही असंच. तुमी नाही म्हटलं तरी माफी वापस घेणार नाही." काकांना हसू आलं. इतक्या वर्षांत आपल्या घरच्या माणसाकडे पाहून त्यांना आलेलं ते पहिलं हसू असेल. ते म्हणाले, "बापासारखाच जिद्दी हाय. चल, पाय धुवाले चल."

मग पंचांनी तुला बोलावलं. आज मूर्ती शोधतोस, उद्या पुजशील, असं एक वडीलधारे म्हणाले. तू म्हणालास, मूर्तीसाठी नव्हतो शोधत, काकासाठी शोधत होतो. ते त्यांना पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पुरतं पटलं नव्हतं. तरी तुला एक सांगायचं राहिलं आहे. तुझं काम काढून घेतल्याचं कळलं तेव्हा मी त्या वडीलधाऱ्यांच्या घरी गेले होते. त्यांच्या बायकोसमोर, सुनांसमोर त्यांना विचारलं की तुम्ही उभ्या आयुष्यात कोणापाशी माफी मागितली आहे काय, एक नाव सांगा. ते सुनेला चहा टाकायला सांगू लागले. मी चहा न घेता परत आले. तुला हे कधी बोलले नाही, कारण तू मला तिथं परत पाठवून त्यांची माफी मागायला लावलं असतंस.

काम गेलं तरी तुझं बाजारात जाणं थांबलं नाही. आता खंजिरी नव्हती, गाणारे नव्हते. तू एकटा उभा राहायचास आणि सुरुवात कशानं करायचास, तर लोकांची माफी मागून! "आमी लोकांनी तुमाले कमी समजलं. ते चुकलं. आता मी सांगतो ते ऐका, नाही ऐकलं तरी चालते." ही काय सुवार्ता सांगायची रीत झाली? मी तुला शंभरदा म्हणाले असेन की दुकानदार आधी आपला माल वाईट आहे म्हणून सांगत नाही. तू म्हणायचास, "माल चांगला हाय वं. दुकानदार वाईट हाय, ते सांगतो." तुझ्याशी वाद घालणं म्हणजे विहिरीत ओरडणं. आपलाच आवाज परत येतो, जरा मोठा होऊन.

काकांकडे मात्र तू दर आठवड्याला जायचास. त्यांनी तुला अट घातली होती: माग चालू असेल तोवर येशूचं बोल, माग थांबून चहा आला की घरचं बोल. तू घरी येऊन तक्रार करायचास की काका आजकाल चहा फार पितात. एवढंच एक तुझं गाऱ्हाणं मी मनापासून ऐकलं, कारण त्यावर आपण दोघंही हसायचो. आत बाबा खोकायचे. त्यांना ऐकू जायचं. त्यांच्या धाकट्या भावाच्या घरी चहा होतो, माग अजून चालतो, त्याला नातू झाला, हे सगळं बाबांना तू मला सांगितलेलं भिंतीपलीकडून कळत होतं. तू मुद्दाम मोठ्यानं सांगायचास. मला आता वाटतं, मुद्दामच. इतका धूर्त तू होतास, आणि पाद्रीसाहेब म्हणतात सौम्य.

आणि मग हा हिवाळा. कळमन्याकडच्या एका वाडीतून तुला बोलावणं आलं. अंगात आधीच कणकण होती. मी म्हणाले जाऊ नको. तू म्हणालास, "त्यांनी बोलावलं हाय. आपण न बोलावता जातो नेहमी. हे बोलावून राहिले." गेलास. थंडीत, पातळ सदऱ्यात, माझी शाल दाराच्या खुंटीवर ठेवून. परत आलास तो तापानं फणफणत. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया. मी तुला काढे दिले, छातीला पोटीस बांधलं आणि एकसारखी बोलत राहिले, कसा गेलास, काहून गेलास, ऐकत काहून नाही कोणाचं. शेवटचे दोन दिवस तुला बोलायला श्वास नव्हता. माझंच बोलणं चालू होतं. बहिणीनं मरणाऱ्या भावाशी गोड बोलावं म्हणतात. मला जमलं नाही. तुला ते माहीत होतं, नाहीतर तू माझा हात तसा धरला नसतास.

बाबा दाराशी येऊन उभे राहायचे. आत यायचे नाहीत. एकदा तू त्यांच्याकडे पाहिलंस आणि खूण केलीस, बसा म्हणून. ते उभेच राहिले. बराच वेळ उभे राहिले. मला ओरडून सांगावंसं वाटलं की बोला आता तरी. पण मी दोन वर्षं निरोप पोचवून थकले होते, आणि हा निरोप मला पोचवता येण्यासारखा नव्हता.

दफनाच्या दिवशी काका आले होते. दफनभूमीच्या फाटकाबाहेर, पागोटं हातात घेऊन. आत आले नाहीत. बाबांनी त्यांना पाहिलं, मीही पाहिलं. दोघं म्हातारे, मध्ये तुझा खड्डा, आणि कोणी हलेना. माती पडली, लोक पांगले, काका निघून गेले.

पुढच्या रविवारी मी काकांच्या घरी गेले. का गेले, मला सांगता येत नाही. तू आता येणार नाहीस हे त्यांना माहीत होतं, पण कोणीतरी जाऊन सांगायला हवं होतं असं वाटलं. काकांनी मला खाटेवर बसवलं. माग बंद होता. त्यांनी आजीचं नाव घेतलं. म्हणाले, तिच्यासारखी दिसते.  मग त्यांनी एकदम विचारलं, "शमू म्हणे, हे त्याले फुकट भेटलं. तुले भेटलं का?"

दादा, तुझ्यावर मी त्या क्षणी जितकी चिडले तितकी जिवंतपणी कधी चिडले नव्हते. हे काम तुझं होतं! मी शाळामास्तरीण. मला मुलींकडून पाढे म्हणून घेता येतात. बाजारात उभी राहणारी बाई मी नाही. मला वाटलं सांगावं, आम्ही लहानपणापासूनचे ख्रिस्ती, बाबांकडून आलं. पण काका माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि बाबांकडून काय काय आलं हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं.

"मले नीट सांगता येत नाही, काका," मी म्हणाले. "मी सकाळी पोरींसमोर प्रार्थनेला उभी राहते. तेव्हा वाटते, कोणीतरी ऐकून राहिलं. मी चांगली हाय म्हणून नाही. मी फार चिडखोर हाय."

"चिडखोर हाय तरी तुझं ऐकते तो?"

"तरी ऐकते."

काकांनी मागाच्या लाकडावरून हात फिरवला. "मंग तुझ्या बापाचंही ऐकत असन."

 मी म्हणाले, "हाव."

"आणि माझं?"

"तुमचंही."

"मी तर त्याले कधी हाक नाही मारली."

"तरीही," मी म्हणाले.  ती सुवार्ता होती की नाही, मला माहीत नाही. तू ती नक्कीच याहून लांबवली असतीस. आयुष्यात पहिल्यांदा मी ती कोणाला सांगितली, आणि सांगताना मला कळलं की जे सांगते आहे ते मलाही कोणीतरी आत्ताच हातात दिलं आहे.

काका ख्रिस्ती होणार की नाही, मला ठाऊक नाही. ते बोलले नाहीत, मी विचारलं नाही. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "तुझा बाप संध्याकाळी घरी असते का?"

काल ते आले. बाबा ओसरीवर बसले होते. काकांना फाटकात पाहिलं आणि उठायला गेले. काठी सापडेना. खांबाला धरून धडपडत उठत होते.

"बस गा," काका म्हणाले. "उठू नको."

"बसू कसा? तू उभा हायस."

काका पायरी चढून आले आणि बाबांच्या शेजारी बसले. दोघंही समोर रस्त्याकडे बघत होते. बाबा म्हणाले, "तो माह्या घरात मेला आणि मी त्याच्याशी बोललो नाही. आता कोणाशी बोलू?"

"माह्याशी बोल," काका म्हणाले.

 बाबा हळूच म्हणाले, "त्या दिवशी तळ्यावर आईनं मले हाक मारली होती. मी ऐकली होती. वळून नाही पाहिलं." आणि म्हातारा लहान मुलासारखा हमसून रडायला लागला. काकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. 

मी आत गेले. दादा, तू असतास तर तिथं गप्प बसला नसतास. मध्ये जाऊन गुडघे टेकले असतेस, मोठ्यानं प्रार्थना सुरू केली असतीस, बहुतेक गाणंही म्हटलं असतंस, तुझ्या त्या सुरात, आणि दोघं पुन्हा गोरेमोरे होऊन उठून गेले असते. बरं झालं तू नाहीस, असं माझ्या मनात आलं. खरंच आलं. आणि मग मी चुलीपुढे बसले, पदराचा बोळा तोंडात घातला, आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा पोट भरून रडले.